घराच्या मापाचा बॉयलर

आमच्या लिट्रिम या डोंगरी परगण्यात कुणी फोनवर "घाई काही नाही" म्हणालं, की बॉयलरवाल्यानं हातातला घास खाली ठेवून गाडी काढायची असते. "इकडून कधी जाणं झालं तर डोकावून जा" म्हणजे आत्ता ये. "तसं काही बिघडलेलं नाही, जरा वास येतो" म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंती काजळीनं काळ्या झाल्यात. तीस वर्षं मी या डोंगरातली घरं तापवणारे तेलाचे बॉयलर बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे ही भाषा मला आईच्या भाषेइतकी कळते. आणि तरीही, त्या फेब्रुवारीतल्या सोमवारी पॅकीकाका फोनवर म्हणाले, "घाई काही नाही रे फर्गल," तेव्हा मी ते जसंच्या तसं खरं धरलं.

पॅकीकाका म्हणजे माझ्या टेसीमावशीचे यजमान. दोघांना मूलबाळ नाही. आई आम्हा पाच भावंडांना आवरून थकली, की सगळ्यात द्वाड म्हणून मला उचलून मावशीकडे टाकायची. माझे उन्हाळे त्या घरात गेले. तळ्याच्या वर चढावर घर, दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, आणि मागे नंतर जोडलेली झोपायची खोली. खोली इतकी गार, की मावशी म्हणायची, इथे लोणी ठेवावं आणि माणसांनी गोठ्यात झोपावं.

मागच्या पडवीतला जुना बॉयलर गुरुवारीच फुटला होता. काकांनी तो चार दिवस तसाच गळू दिला, स्वयंपाकघरात दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या जळणाची शेगडी पेटती ठेवली आणि सोमवारी मला फोन केला. मावशी पाच आठवडे स्लायगोच्या इस्पितळात होती. आता तिला घरी न्यायचं होतं. पण घरोघर फिरणारी नर्स येऊन पाहून गेली होती. तिनं झोपायच्या खोलीच्या भिंतीला हात लावला आणि कागदावर लिहिलं की घर तापत नाही, गरम पाणी येत नाही, तोवर पेशंटला पाठवता येणार नाही. विजेचे दोन हीटर एकदम लावले की त्या घराचा फ्यूज उडतो.

मी विचारलं, मावशी कशी आहे. काका म्हणाले, आहे, जरा खात नाही, घरी आली की खाईल. डॉक्टर काय म्हणतात? "म्हणतात, आता घरी नेलं तरी चालेल."

"आता घरी नेलं तरी चालेल." हे वाक्य आमच्याकडे कशासाठी वापरतात ते शेंबडं पोरही सांगेल. मी ते चांगली बातमी म्हणून ऐकलं, कारण माझ्या डोक्यात तेव्हा बॉयलर होता.

त्याचं असं झालं होतं. जानेवारीत गावाच्या हॉलमध्ये मी भाषण दिलं होतं. विषय होता खेड्यातल्या घरासाठी बॉयलर कसा निवडावा. साठ माणसं, चहा, फळांचा केक. नियम तसे सोपे आहेत. नवा बॉयलर शंभर रुपयांचं तेल जाळून नव्वदांची तरी ऊब घरात देणारा हवा, असं मी आमच्या युरोंत सांगितलं. झोपायच्या खोल्या आणि बसायची खोली यांना वेगवेगळं नियंत्रण हवं. एवढं कागदावर आहे. पण मी तिथे थांबलो नाही. मी म्हणालो, तुमची खरी चूक पुढे आहे. तुम्ही सगळे गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेता. बटाट्याच्या भांड्यावरच्या झाकणाला पाणी सुटतं ना, तसं या नव्या बॉयलरात धुरातल्या वाफेचं पाणी होतं, आणि त्या वाफेतली ऊब घरात परत येते. पण ते कधी, तर खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांतून फिरून आलेलं पाणी कोमट असेल तेव्हा. मोठा बॉयलर भडकतो, बंद पडतो, पुन्हा भडकतो. पाणी कोमट राहतच नाही, वाफ धुराड्यातून निघून जाते आणि तुमचे पैसे तळ्यावर धुकं होऊन पसरतात. मग मी गावातल्या गिलरेनच्या सव्वीस किलोवॅटच्या धुडाची, त्याचं नाव न घेता, अशी काही नक्कल केली की हॉल हसून लोळला. गिलरेनसुद्धा हसला. मी आठवडाभर हवेत होतो.

तर सोमवारी दुपारी मी मोजायची फीत घेऊन काकांकडे गेलो. ते दारातच म्हणाले, गिलरेनकडे आहे तसलाच टाक.

"काका, एका गाईसाठी दहा गाईंचा गोठा बांधाल का?"

"गाईला वासरं होतात, फर्गल. घेतोच आहोत तर मोठा घेऊ."

मी त्यांना झटकून टाकलं. फितीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि आम्ही दोघांनी अख्खं घर मोजलं. भिंतींची जाडी, खिडक्यांची काच, छपराखाली ऊब धरायला घातलेला कापूस, दारांच्या फटी. दोन तास. काकांचे गुडघे दुखत होते हे मला दिसत होतं, तरी मी त्यांना पलंगाखाली वाकवून कोपरा मोजायला लावला. हिशेब चौदा किलोवॅटच्या जरा वर आला. म्हणजे पंधराचा बॉयलर, अगदी बेतलेल्या कोटासारखा.

तिथूनच मी बॉयलरच्या दुकानात जार्लथला फोन लावला. तो म्हणाला, पंधराचा माझ्याकडे नाही, डब्लिनहून शुक्रवारी येईल. सव्वीसचा समोर उभा आहे, आत्ता ये, उद्या संध्याकाळी घर तापेल. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, अरे, लेबलवर त्यालाही तेवढेच गुण आहेत, नियमात बसतो. मी म्हणालो, "लेबल प्रयोगशाळेतलं असतं, जार्लथ, घरातलं नसतं." हे वाक्य मला इतकं आवडलं की फोन ठेवल्यावर मी ते काकांना पुन्हा ऐकवलं.

मोठ्यालाही तेल फवारणारं लहान तोंडाचं नॉझल लावून त्याची आग कमी करता येते. पंधरावर आला नसता, पण वीसेकावर आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुणी मला अडाणी समजून माफ करायला नको.

काकांना म्हणालो, शुक्रवारी येतो, चालेल ना? ते खिडकीतून खाली तळ्याकडे बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं. तुला त्यातलं कळतं." त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी हिशेबाच्या कागदाकडे बघत होतो.

मंगळवारी मी जुना बॉयलर काढला. बुधवारी नळ टाकले, झोपायच्या खोलीचं नियंत्रण वेगळं केलं, आणि खिडकीखाली नवा लांब रेडिएटर लावला. मावशीला तिथे पडल्या पडल्या तळं दिसलं असतं. संध्याकाळी हात धुऊन स्लायगोला गेलो.

मी तिला तीन आठवडे पाहिलं नव्हतं. पलंगावर तिची उशीच जास्त दिसत होती. डोळे मात्र तेच, कुणाची फिरकी घेऊ असं शोधणारे.

"पॅकीला मोजायला लावलंस म्हणे," ती म्हणाली. "त्रेपन्न वर्षांत माझ्या पडद्यांचं माप घेतलं नाही त्यानं."

मी म्हणालो, पलंगाखालचं सुद्धा मोजून घेतलं त्यांच्याकडून. ती हसली आणि त्या हसण्यानंच थकली. थोड्या वेळानं म्हणाली, "झालं का रे घर?"

"शुक्रवारी, मावशी."

"आज काय?"

"बुधवार."

तिनं चादरीवरच दोन बोटं एकामागून एक दाबली. "दोन दिवस. बरं." मग मला सांगितलं, की खिडकीकडची बाजू तिची आहे, पॅकीनं एव्हाना बळकावली असेल तर त्याला उठव. इथे रात्रंदिवस पाय गार असतात, म्हणाली. ब्लँकेटं तीन आहेत, पण परक्या ब्लँकेटांना ऊब नसते. मी निघालो तेव्हा तिनं माझी बाही धरली.

"तू नीटच करशील. पण..."

"पण काय?"

"काही नाही. गाडी सावकाश चालव."

बाहेर वॉर्डातल्या नर्सनं विचारलं, घर कधी तयार होईल, आमची गाडी तुमच्या फोनचीच वाट बघते आहे. मी शुक्रवार म्हणालो. तिनं विचारलं, त्याआधी नाही का जमणार? आणि मी, देवा, मी त्या बाईला मधल्या वाटेत उभं करून मोठ्या बॉयलरचे तोटे सांगितले. ती परक्या गावची होती, आमच्यासारखी आडून बोलणारी नव्हती. अजून एक मिनिट थांबलो असतो तर तिनं मला सरळ सांगितलं असतं. पण तिला कुणीतरी हाक मारली आणि मी गाडी सावकाश चालवत घरी आलो.

शुक्रवारी तळ्यावर वारा सुटला. चार वाजता जार्लथचा फोन आला. समुद्र खवळलाय, इंग्लंडहून डब्लिनला येणारी बोट सुटली नाही, माल सोमवारी. मग म्हणाला, "सव्वीसचा अजून इथेच आहे, फर्गल. उद्या दुपारपर्यंत मी दुकानात आहे."

मी काकांच्या फाटकाबाहेर गाडीत बसून विचार केला. विचार कसला, सबबी शोधल्या. नळ पंधराच्या मापानं कापून झाले होते. सिमेंटचा ओटाही त्याच मापाचा होता. दोन-तीनच दिवसांचा तर प्रश्न. या सगळ्याच्या तळाशी जे होतं ते साधं आणि लाजिरवाणं होतं. साठ माणसांसमोर ज्या बॉयलरची मी नक्कल केली, तोच माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात बसवला असता, तर गिलरेननं मला आयुष्यभर सोडलं नसतं. एका माणसाच्या हसण्याला मी भ्यालो.

आत जाऊन काकांना सांगितलं, सोमवारी. ते शेगडीपाशी बसले होते. जळणाचा एक तुकडा त्यांनी आत सारला. मग म्हणाले, "सोमवारी. बरं. तिला सांगतो."

रविवारी सकाळी, लोक चर्चला निघायच्या वेळेला, टेसीमावशी स्लायगोत गेली. काका तिच्याजवळ होते. फोनवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, टेसी गेली रे, शांत गेली. मग म्हणाले, आता बॉयलरसाठी तू उगाच धावपळ करू नकोस.

पण धावपळ करायची होतीच. आमच्याकडे माणूस घरून जातो. इस्पितळात वारलं तरी शवपेटी घरी आणतात, एक संध्याकाळ घरात ठेवतात आणि अख्खा मुलूख चढ चढून येतो. एवढी माणसं त्या बर्फासारख्या घरात उभी राहिली असती तर मावशीची अब्रू गेली असती. सोमवारी नऊला बॉयलर आला. तीनला मी तो पेटवला.

असं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. आवाज नाही, थरथर नाही. परतीचं पाणी अठ्ठेचाळीस अंशांवर येऊन जे थांबलं ते हललं नाही. पडवीबाहेरच्या पांढऱ्या नळीतून वाफेचं पाणी थेंब थेंब खडीत पडायला लागलं. हॉलमध्ये सांगितलं होतं तसंच सगळं. मी त्या नळीपाशी उकिडवा बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. चार वाजता पेटीची गाडी फाटकात आली, तेव्हा तोंड धुऊन दारात उभा राहिलो.

माणसं आली. एकेक जण काकांचा हात हातात घेऊन "वाईट झालं" म्हणायचा, आत जाऊन मावशीपाशी क्रूस करायचा, आणि चहाचा कप घेऊन रेडिएटरला पाठ लावून उभा राहायचा. घर काय छान तापलंय. इतकं ऊबदार हे घर कधी नव्हतं. फर्गलनं केलं ना, भाचा असावा तर असा. मी हॅमच्या सँडविचचं ताट फिरवत होतो आणि प्रत्येक शाबासकी गिळत होतो. मग गिलरेन आला. तो मला काही तरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं रेडिएटरवर हात ठेवला, मान डोलावली आणि म्हणाला, तू सांगत होतास ते खरं होतं तर.

सात वाजायच्या सुमारास काकांनी माझी बाही ओढली आणि मला झोपायच्या खोलीत नेलं. बसलेल्या बायकांना त्यांनी चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मावशी उघड्या पेटीत खिडकीकडच्या बाजूला होती, निळ्या पोशाखात, बोटांत जपमाळ. खोली भट्टीसारखी तापली होती. दुपारी सवयीनं मी सगळे रेडिएटर पूर्ण उघडले होते, हाही.

"पेटीवाला म्हणतो, ही खोली गार हवी," काका म्हणाले. "उद्यापर्यंत ठेवायचं तर. हा कुठून बंद होतो?"

मी गुडघ्यावर बसलो. रेडिएटरची चावी माझ्या समोर होती आणि हात पुढे होईना. पाठमोरा असतानाच मी बोललो, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं.

"काका, मोठा बॉयलर दुकानात उभा होता. पहिल्या दिवसापासून. मंगळवारी संध्याकाळीच घर तापलं असतं. ती बुधवारी इथे असती."

मी वळलो. ते मावशीच्या बोटांतली माळ सारखी करत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू जार्लथशी बोलत होतास तेव्हा मी फीत धरून तिथेच नव्हतो का. आणि शुक्रवारी जार्लथनं मलाही फोन केला. म्हणाला, काका, तुम्ही सांगा त्याला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. तिला विचारलं आधी." त्यांनी माळेचा क्रूस तिच्या अंगठ्याखाली नीट बसवला. "ती म्हणाली, नको. पोरानं एवढं मन लावून मोजलंय. त्याचं मन मोडू नकोस, मी थांबते म्हणाली सोमवारपर्यंत."

बाहेर कुणीतरी कपबशा धूत होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, तिचे धरावेसे वाटले, आणि मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. एक शब्द. आम्हा तिघांपैकी कुणीही एक शब्द सरळ बोललं असतं तर. त्यांनी माझ्या मनाला जपून तोंड मिटलं. मी कशाला जपलं, ते वर सांगितलंच आहे.

"बंद कर, बाबा," काका म्हणाले.

मी चावी फिरवली. सांगितलं, की बंद झालाय, पण लोखंड आहे, आतलं पाणी गरम आहे, गार व्हायला वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे. त्यांनी खुर्ची ओढून तिच्या पायांपाशी घेतली आणि तिच्या पावलांवर हात ठेवून बसले. मी रेडिएटरवर हात ठेवून बसलो. तो गार व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती तिच्या उबदार खोलीत होती.